पीठ मळायच्या मशीनचं झाकण

कट् असा आवाज झाला. मोठा नाही, वाळकी काडी मोडावी एवढाच. हातातला लाकडी हातोडा तसाच वर राहिला आणि मी पत्र्याकडे बघत बसलो. पत्रा मस्त वाकला होता. सरळ, मापात, कुठे पोचा नाही. फक्त नेमक्या वळणावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, केसाएवढी फट पडली होती. बोट फिरवलं तर बोटाला कचकन लागली. तेवढ्यात आतल्या खोलीतून बाबांचा आवाज आला, "रेघ सुईने मारलीस ना?"

ते माझ्याशी बोलतायत हे कळायलाच मला वेळ लागला. दुपारचे तीन वाजले होते. ते भिंतीकडे तोंड करून पडले होते, रोज पडतात तसे. त्यांनी पत्रा बघितला नव्हता, हातोडा बघितला नव्हता, मी काय करतोय हे विचारलंसुद्धा नव्हतं, आणि नुसत्या आवाजावरून त्यांना कळलं होतं की मी रेघ कशाने मारली. खरंच सुईने मारली होती. टोकदार पोलादी सुई, मुद्दाम आणलेली, कारण व्हिडिओतला तो स्वच्छ नखांचा माणूस तशीच मारत होता. त्याची भाषा मला कळत नाही. मी आवाज बंद करून त्याचे हात बघतो. दोन वर्षं मी जे काही शिकलो ते अशा परक्या माणसांचे हात बघून शिकलो, आणि इथे बावीस वर्षं पत्रा वाकवलेला माणूस भिंतीपलीकडे कुशीवर पडून होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. फट पडली म्हणून नाही. फट पडते, पडली. या माणसाला माहीत होतं आणि तो गप्प होता, म्हणून. सकाळपासून मी रेघा मारत होतो. सुईचा तो कर्र कर्र आवाज काय कमी होता? पत्रा तुटलेला ऐकू येतो आणि सुई ऐकू येत नाही?

"आधी नाही सांगता आलं?" मी ओरडलो.

आतून खाट एकदा करकरली, बस.

झाकण ताईसाठी होतं. ताई दोन गल्ल्या सोडून एका बेकरीत कामाला आहे, पीठ मळायच्या मशीनवर. मशीन म्हणजे कमरेएवढं उंच पातेलं आणि त्यात फिरणारा, मनगटाएवढा जाड लोखंडी आकडा. वर झाकण नाही. कधीतरी होतं म्हणे. बिजागरीच्या जागी आता दोन रिकामी भोकं आहेत. मागच्या आठवड्यात पीठ टाकायला ती वाकली आणि अॅप्रनचा बंद आकड्यात गेला. ही गोष्ट तिने घरी येऊन विनोद म्हणून सांगितली. पातेल्याची कड धरून ती मागे कशी रेटत होती, बंद कसा ताणला, शेवटी तटकन तुटला आणि ती मागच्या पोत्यावर कशी बदकन बसली, सगळं उभं राहून, अभिनयासकट. "बंदच गेला रे, मी थोडीच गेले?" आई हसली. बाबा ताटावरून उठून आत गेले. मी तो अॅप्रन दोरीवर वाळत घातलेला बघितला. तुटलेला बंद पीठ लागून कडक झाला होता, बोटासारखा. त्या दिवसापासून डोळे मिटले की मला तो आकडा दिसतो. आवाज न करता फिरतो. पिठाचा गोळा उचलतो, आपटतो, परत उचलतो. काय उचललंय याच्याशी त्याला काही घेणंदेणं नाही.

दुसऱ्या दिवशी मी बेकरीवाल्याकडे गेलो. तो गल्ल्यावर बसून नखं कापत होता. म्हणाला, "तुझी बहीण तर काही बोलली नाही. तू कोण?" म्हटलं, भाऊ. "मग भाऊ, घरी समजव तिला. बंद नीट बांधत जा म्हणावं." मी म्हटलं, बंदाचा प्रश्न नाहीये, मशीन उघडं आहे. त्यावर तो इतका गोड हसला की मला त्या हसण्यावर काहीतरी फेकून मारावंसं वाटलं. "झाकण पाहिजे ना? आणून बसव की. मी कुठे नको म्हणतो? मंगळवारी बेकरी बंद असते." आणून बसव. जसा काही मी माझ्या हौसेसाठी त्याच्या दुकानात झोपाळा टांगायला निघालो होतो.

म्हणून मी निघालो, अवजारं आणि माणसं शोधत. चार दिवस. हार्डवेअरवाल्याने मला पत्रा वाकवायचे जबडे विकले, व्हाइसच्या शिकंज्यात बसवायचे, चुंबकवाले, चकचकीत. घरी आणून बघितलं तर वीतभर लांब. माझा पत्रा दीड हात रुंद. त्याला मी माप सांगितलं होतं, त्याने मान डोलावली होती, आणि तरी दिले. परत करायला गेलो तर म्हणे वापरलेले दिसतायत. एका फॅब्रिकेशनवाल्याने विचारलं, "किती पीस?" म्हटलं, एक. तो आत वळून ओरडला, "अरे, एक पीसची ऑर्डर आलीय रे! ओव्हरटाइम करा!" आतून चार जण हसले. दुसरा म्हणाला ड्रॉइंग आण. मी रात्रभर बसून काढलं, तिन्ही बाजूंनी, मापं टाकून. त्याने ते उलटं धरलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, हाताने काढलेलं चालत नाही. तिसऱ्याने तर ड्रॉइंग ठेवून घेतलं. तीन वेळा गेलो. तिसऱ्यांदा ते त्याच्या चहाच्या पेल्याखाली होतं, माझ्या मापांवर गोल गोल डाग. पत्रेवाल्याने पत्रा दिला तो सगळ्यात कडक. "आयुष्यभर वाकणार नाही बघ," म्हणाला. अरे बाबा, मला वाकवायचाच आहे! हे मी त्याला सांगितलं होतं. तो "हो हो" म्हणाला होता. मला एवढंच कळत नाही की या सगळ्यांना जे माहीत असतं ते सांगायला काय होतं. दाताखाली धरून बसतात. आपण चुकायची वाट बघतात. मग शेवटी मी लोखंडाचे दोन अँगल आणले, त्यांच्या मधे पत्रा धरला, जेवायच्या टेबलाच्या कडेला क्लॅम्पने आवळला आणि लाकडी हातोड्याने एकेक ठोका देत वाकवला. कट्.

बाबा बाहेर आले. डावा हात लेंग्याच्या खिशात. तो घरातसुद्धा खिशातच असतो. त्यांनी उजव्या हाताची करंगळी फटीवरून फिरवली, डॉक्टर गाठ बघतात तशी. म्हणाले, "सुईने ओरखडा पडतो. वाकताना सगळा ताण तिथेच येतो. अॅल्युमिनियमला पेन्सिल."

"बरं."

"हा पत्राही नको. कडक जात आहे ही. मऊ आण. आणि आडवा वाकव." त्यांनी पत्रा उजेडात तिरका धरला. तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की पत्र्यावर अगदी बारीक, सरळ झाक आहे, विंचरलेल्या केसांसारखी. "रोलमधून असा निघतो. या रेषेच्या बाजूने वाकवलास तर तुटतो. रेषेला आडवा धर, ऐकतो."

सलग एवढं बोलताना मी त्यांना सहा वर्षांत ऐकलं नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता. मला वाटलं, कागदपेन घेऊन यांच्यासमोर बसावं, आणि त्याच वेळी वाटलं, पत्रा त्यांच्या हातून हिसकावून घ्यावा.

"आणि दीड हात रुंदी अशी टेबलावर नाही व्हायची," ते म्हणाले. "मधे पोट धरणार. त्याला मशीनच हवं."

"कोण देतंय मशीन? सगळीकडे फिरून आलोय मी."

त्यांनी फुटका पत्रा खाली ठेवला. मग म्हणाले, "तिथे जाऊ."

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. आई दारात येऊन उभी राहिली, ओले हात तसेच. "कुठे?" बाबांनी डावा हात खिशात आणखी खोल घातला. "मी मेल्यावर जा तिथे," आई म्हणाली. "त्या माणसाच्या दारात? त्याचं तळपट होवो. पोराला घेऊन जाताय होय? तेवढंच राहिलंय?" आणि परत नळ सुरू झाला, आधीपेक्षा जोरात.

तिथे म्हणजे जुन्या वर्कशॉपमध्ये. आमच्या घरात त्या जागेचं नाव घेत नाहीत. तिथल्या बेंडिंग मशीनला दोन बटणं होती, हातभर अंतरावर. दोन्ही एकदम दाबली तरच वरचं पातं खाली येणार, म्हणजे दोन्ही हात बटणांवर, पात्यापासून लांब. मालकाने काम भराभर निघावं म्हणून एक बटण लाकडी पाचर ठोकून कायमचं दाबून ठेवलं होतं. एका हाताने पत्रा धरायचा, दुसऱ्याने उरलेलं बटण दाबायचं. आणि एका गुरुवारी बाबांचा पत्रा धरलेला हात पुढे राहिला. डाव्या हाताची दोन बोटं. ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकलीय, इतक्यांदा सांगितलीय, की ती मी स्वतः बघितल्यासारखी मला आठवते. खरं तर मी तेव्हा परीक्षेला बसलो होतो. सतरा वर्षांचा. पेपर लिहून आलो तर घराला कुलूप. मग ताईने कॉलेज सोडलं. मग मीही सोडलं. बाबा भिंतीकडे वळले. आणि आमच्याकडे राहिला तो राग. आई भाकरी थापताना मालकाला शिव्या द्यायची, एक थाप, एक शिवी. मी वर्कशॉपच्या रस्त्याने जायचं सोडलं. दहा मिनिटं जास्त लागायची, तरी लांबून जायचो. अठराव्या वर्षी एकदा जाऊन त्यांच्या पाटीवर दगड मारला होता. वरचा दिवा फुटला. घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा बाबांनी काही म्हटलं नाही, पण रात्री माझ्या ताटात त्यांच्या ताटातला घास वाढला. मी तो घास वर्षानुवर्षं चघळतोय.

सोमवारी सकाळी आम्ही गेलो. आईने पाठ फिरवून डबा दिला. रस्त्यात बाबा माझ्यापेक्षा भरभर चालत होते, याचं मला आश्चर्य वाटलं आणि रागही आला. एवढी कसली ओढ. मी मनात वाक्यं जुळवत होतो. मालक समोर आला की काय बोलायचं, कोणत्या शब्दाने सुरुवात करायची. नमस्कार करायचा नाही हे नक्की होतं.

वर्कशॉप माझ्या डोक्यातल्यापेक्षा लहान निघालं. शेवाळी रंगाचं दार, आत तेलाचा आणि तापलेल्या लोखंडाचा वास, छपराला दोन काचा आणि त्यातून खाली उतरलेला उजेड. मशीन मधोमध. ते मी राक्षसाएवढं धरून चाललो होतो. ते कपाटाएवढं होतं, हिरवं, कडांना रंग उडालेलं. त्यावर काम करत होता तो एवढा उंच की पात्याकडे बघायला त्याला कमरेत वाकायला लागत होतं. त्याने बाबांना बघितलं आणि हातातलं सोडून धावत आला.

"उस्ताद! आयला, उस्ताद!" त्याने बाबांना मिठी मारली, मग तेलकट हात त्यांच्या शर्टाला लागला म्हणून स्वतःच्याच डोक्यावर मारून घेतलं. "हा कोण, धाकटा? मिशी आली की रे तुला! मी बांबू. ओळखलं नाहीस? तुला खांद्यावर बसवून या छपराला हात लावून दिलाय मी."

मला आठवत नव्हतं. बाबांचा हेल्पर होता तो, एवढं माहीत होतं. मी त्याच्याकडे बघतच नव्हतो. मी मशीनकडे बघत होतो. दोन बटणं होती, हातभर अंतरावर. उजवं मोकळं. डाव्याच्या कडेत लाकडाची एक पाचर ठोकलेली, बटण आत दाबून धरणारी. माझ्या कानात एकदम शीळ वाजल्यासारखं झालं. काचेच्या केबिनमधून मालक बाहेर येत होता. पांढरे केस, चष्मा गळ्यात, हातात कसलंसं बिल. मला वाटलं होतं त्याच्या तोंडावर काहीतरी लिहिलेलं असेल. काही नव्हतं. कुठल्याही काकांसारखा दिसत होता.

"सहा वर्षं झाली!" मी ओरडलो. जुळवलेलं सगळं विसरलो. "सहा वर्षं! माणसाची बोटं गेली आणि तुम्ही अजून तेच करताय? अजून तीच पाचर? याचीही जायला हवीत का? काही लाज?"

वर्कशॉपमध्ये कुठेतरी ग्राइंडर चालू होता, तो थांबला. मालक माझ्याकडे बघतच नव्हता. तो बाबांकडे बघत होता. आणि बांबूकाका हसला, भांडण मिटवायला हसतात तसं. "अरे अरे, मालकांना कशाला बोलतोस? पाचर माझी आहे. मीच तासलीय. तुझ्या बाबांनी शिकवलेली कला आहे ही! माझी आपली खोक्याच्या फळीची. उस्तादांची तर सागवानी होती!"

त्याचं हसणं एकटंच राहिलं. मग तेही थांबलं.

मी बाबांकडे बघितलं. त्यांनी "नाही" म्हणावं म्हणून मी किती वेळ थांबलो ते मला सांगता येणार नाही. तेवढ्या वेळात मला छपराच्या काचेवरची धूळ दिसली, बांबूकाकाच्या बुटाची सुटलेली नाडी दिसली, आणि बाबांच्या खिशातला हात खिशाच्या आत हललेला दिसला.

"हो," बाबा म्हणाले. "मीच ठोकली होती."

"यांनी सांगितलं म्हणून?"

"नाही. मीच. दोन हात बटणावर म्हणजे पत्रा कोण धरणार? आधाराचे स्टँड ओढून आणायचे, लावायचे, प्रत्येक वेळी. माझ्या हाताला सवय होती. माझा हात चुकत नव्हता."

मालकाने बिलाची घडी घातली. "मला दिसत होतं," तो म्हणाला. हळू, पण स्वच्छ. "रोज दिसायचं. काम भराभर निघत होतं. मी कशाला बोलू? आणि नंतर तुझे बाबा म्हणाले, घरी सांगू नका. नाही सांगितलं." मग केबिनमध्ये निघून गेला.

माझ्या तोंडात अजून अर्धं वाक्य होतं. ते मी कुणाला बोलणार होतो? मालकाला? त्याला दिसत होतं आणि तो गप्प होता, म्हणजे त्याला सुनवायला हवंच होतं, पण माझी वाक्यं दुसऱ्या गुन्ह्याची होती. बाबांना? त्यांच्यासाठी मी एकही वाक्य आणलं नव्हतं. मी फोडलेल्या दिव्याचं काय? मी लांबून चाललेल्या रस्त्याचं? रोजची दहा मिनिटं, सहा वर्षं. मला खरंच त्या मिनिटांचा हिशोब मागावासा वाटला, एखाद्या वेड्यासारखा. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मला तो घास आठवला. मी दगड मारून आलो तेव्हा ताटात वाढलेला. या माणसाला माहीत होतं की मी चुकीच्या दारावर दगड मारलाय, निदान अर्ध्या चुकीच्या, आणि त्याने मला घास वाढला.

बाबांनी डावा हात खिशातून काढला. मी तो इतक्या उजेडात कधी बघितला नव्हता. उरलेल्या बोटांनी त्यांनी पाचर धरली, दोनदा हलवली, उपटून काढली आणि बांबूकाकाच्या हातावर ठेवली. "चुलीत घाल," म्हणाले. "स्टँड कुठायत?"

स्टँड मागे होते, पोत्यांखाली, धुळीने भरलेले. तेव्हाही तिथेच होते. ओढून आणून लावायला पाच मिनिटं लागली. मी बघत होतो. पाचच मिनिटं. बांबूकाकाने तुकड्यांच्या ढिगातून मऊ पत्रा काढून दिला. बाबांनी पेन्सिल माझ्या हातात दिली. मी रेघा मारल्या, एक रेघ पुसून परत मारली. ते म्हणाले, "आधी लांब बाजू. उलट केलंस तर शेवटची बाजू मशीनला अडकेल." मग त्यांनी माझे दोन्ही हात मनगटाला धरून दोन बटणांवर ठेवले, लहान पोराचे ठेवतात तसे. मला मनगट सोडवून घ्यायचं होतं. नाही सोडवलं. पातं खाली आलं. अगदी सावकाश. आवाज झालाच नाही. पत्रा दोन्हीकडून उठला, पुस्तक मिटावं तसा, आणि पातं वर गेल्यावर किंचित परत उघडला. "तेवढा परत येतोच तो," बाबा म्हणाले. "म्हणून थोडं जास्त वाकवायचं." वळणावरून मी अंगठा फिरवला. गुळगुळीत. गरम. असं काम माझ्या हातून कधी झालं नव्हतं, आणि ते मला नको त्या दिवशी झालं.

परत येताना झाकण माझ्या डोक्यावर होतं. बाबा म्हणाले, "आईला सांगू नकोस." झाकणाखाली ऐकू येत नाही असं मी दाखवलं.

मंगळवारी ताईने बेकरीचं शटर अर्धं वर केलं आणि आम्ही वाकून आत गेलो. बंद बेकरीत आंबलेल्या पिठाचा थंड वास होता. मी मशीनचा प्लग काढून तो माझ्या खिशात ठेवता येत नाही म्हणून दोरीने वर बांधला. ताई हसली. झाकण पातेल्यावर ठेवलं. नेमकं बसलं. जुन्या भोकांवर बोल्ट आले. मला वाटलं ती काहीतरी म्हणेल. ती झाकणाभोवती एक चक्कर मारून आली, हात मागे बांधून, आणि म्हणाली, "निघतं ना हे?"

"धुवायला? निघतं. बोल्ट काढले की."

"तसं नाही रे. पटकन. हाताने. मळताना मधे मधे पीठ टाकायला लागतं, पाणी बघायला लागतं. दर वेळी मशीन थांबवून झाकण काढत बसले तर दिवसाचे चौदा घाणे कोण काढणार, तू?"

"तो बेकरीवाला तुला काढायला लावणार. मला माहीतच होतं!"

"तो कशाला लावतोय? मीच काढून ठेवीन."

मी पाना खाली ठेवला. तिने ते इतक्या साधेपणाने म्हटलं होतं. मीच काढून ठेवीन. मला एकदम एवढा राग आला की डोळ्यात पाणी आलं, आणि त्याचा परत वेगळा राग आला. मी म्हटलं, "बाबांनीही स्वतःच ठोकली होती पाचर. मालकाने नाही. काल त्यांनीच सांगितलं. तिथे, सगळ्यांसमोर. कळलं तुला? स्वतः!"

ताईने हातातलं फडकं झटकलं. पीठ उडालं.

"माहितीये," ती म्हणाली.

"काय माहितीये?"

"दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर पहिलं तेच बोलले ते. तू परीक्षेला होतास."

"आणि आई?"

"आई शेजारीच उभी होती."

"अगं, आई रोज मालकाला शिव्या देते!"

"मग काय बाबांना देऊ दे? जेवायला वाढताना?" ती पोत्यावर बसली. "तुला सांगणारच होतो. पण तू इतका चिडलास, इतका चिडलास की बाबा पहिल्यांदा उठून बसले. कुणीतरी आपल्या बाजूने भांडतंय असं वाटलं असेल त्यांना. मग आज सांगू, उद्या सांगू. मग तू दिवा फोडून आलास. मग कसं सांगणार?"

"म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. मी एकटाच गाढव."

"हो," ताई म्हणाली. खोटं तिला तेव्हाही बोलता आलं असतं. "आणि आता माझ्यावर ओरडू नको. तू गावभर फिरलास. हार्डवेअरवाला, पत्रेवाला, फॅब्रिकेशनवाला, बाबांच्या वर्कशॉपलासुद्धा गेलास. मशीनवर रोज कोण उभं असतं? मला विचारलंस एकदा तरी? पीठ कुठून टाकतेस, कसं टाकतेस?"

मी पाना उचलला. परत खाली ठेवला.

ती उठली. पिठाने भरलेल्या बोटाने तिने माझ्या गुळगुळीत, मापातल्या झाकणावर एक चौकोन काढला, उजवीकडे, कडेला लागून. "इथे तोंड हवं. डबा उपडा करता येईल एवढं. मग झाकण काढायचं कामच नाही. बोल्ट घट्ट मार आणि पाना तुझ्याकडे ठेव, धुवायला आठवड्यातून एकदा तू ये."

"तोंड ठेवलं तर हात नाही जाणार त्यातून?"

तिने आपला पंजा त्या चौकोनावर ठेवून बघितला, आरामात मावला. मी कोपऱ्यातलं यीस्टचं रिकामं खोकं फाडलं, पुठ्ठा चार ठिकाणी मोडला आणि हात आकड्यापर्यंत पोचू नये म्हणून त्याचं तिरकं नळकांडं केलं, डबा ओतता येईल एवढं रुंद. झाकण उतरवलं, नळकांड्याचं खालचं तोंड पातेल्याच्या कडेला, तिच्या चौकोनाखाली येईल तसं धरलं. "घाल हात." तिने घातला. बोटं आकड्याच्या लोखंडाला टेकली. मी पुठ्ठ्याला पुठ्ठा जोडून ते लांब केलं. परत टेकली, फक्त मधलं बोट. अजून वीतभर जोडलं. मनात मी पत्रा मांडत होतो, चार वळणं, रेषेला आडवी, म्हणजे उद्या परत तिथे, त्या मशीनवर, त्या मालकासमोर. काय बोलणार होतो मी त्याला? काहीतरी बोलणार होतोच. सोडणार नव्हतो. बाबांनाही सोडणार नव्हतो. ताईने बाही वर केली आणि हात घातला, कोपरापर्यंत, मग खांद्यापर्यंत, गाल पुठ्ठ्याला चिकटला.

"घाल अजून," मी म्हणालो.

"नाही जात."

"जातो. जोर लाव. मळताना घाई असते तेव्हा लावशीलच."

"लावतेय की!"

"बोटं लांब कर."

मी वाकून आत बघितलं. अंधारात तिची पाचही बोटं ताणलेली होती, पिठाने पांढरी, आणि आकडा त्यांच्यापासून चांगला लांब होता. ती आणखी रेटत होती. तिचा चेहरा लाल झाला होता.

"अजून थोडं, ताई."

"अरे नाही पोचत म्हणतेय ना!" ती माझ्यावर खेकसली. "आंधळा आहेस का? नाही पोचत!"